पावसाआधी खाजनाचे बांध उंच करा

महोदय,

गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, मोठ्या भरतीचे पाणी आता बांधाच्या माथ्याला टेकते. मांडवीचे खारे पाणी एकदा शेतात शिरले, की दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघाल्याशिवाय भात धड येत नाही. कोरगुट हा आमचा भात खारटपणा सोसतो, पण किती सोसणार? १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. पूर्वजांनी चिखल-पेंढ्याचे बांध घातले ते जुन्या भरतीच्या मापाने. त्यात मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या वाटेची, लाकडी दारे कुजली आहेत आणि मासळीसाठी ती अवेळी उघडतात, हे बघवत नाही. यंदाच्या पावसाआधी बांध हातभर तरी उंच करावेत. खर्च सरकारने उचलावा.

– एक शेतकरी, दिवाडी, तिसवाडी