एका ओढीत सुटणारी गाठ

काका,

हे पत्र तुमची लेक तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील, हे मला माहीत आहे. परदेशी नावं अडली तर तिला म्हणावं, खुशाल गाळ.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि "आपल्या परळची मुलगी स्वखर्चाने आफ्रिकेत जाऊन मुक्या जनावरांची सेवा करून आली" असं भाषण. स्वखर्च कसला, तिकिटाचे पैसे बाबांचे होते. आणि जनावराला हात कसा लावायचा ते तुमचं होतं. ते काही भाषणात आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज १८८६ सालचं. एवढ्या वर्षांत तिथे किती पुस्तकं शिकवून झाली असतील, पण बिथरलेल्या कुत्र्याचं तोंड बांधायला मी शिकले ते तिथे कुत्री धरणाऱ्या तुमच्याकडून. बँडेजच्या पट्टीचा सैल फास, लांबूनच नाकावर टाकायचा. गाठ वर, मग टोकं हनुवटीखाली फिरवून कानांमागे नेऊन बांधायची, आणि तिथली गाठ अशी की एक ओढ दिली की सगळं मोकळं. "कुत्रं ओकलं किंवा धापा टाकायला लागलं तर गाठ शोधत बसाल का मॅडम?" असं तुम्ही विचारायचात. तोंड बांधलं की त्याला जीभ बाहेर काढून अंग थंड करता येत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तुम्ही मात्र मे महिन्यात मनातल्या मनात आकडे मोजत गाठ सोडायचात.

मलावीला जायचं ठरलं तेव्हा आजीने विचारलं, "इथली कुत्री संपली का गं?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर थोडी हौस पासपोर्टावरच्या शिक्क्याचीही होती.

मलावीतलं ब्लँटायर शहर डोंगराळ. इकडे तुम्ही घामाने निथळत असणार आणि तिकडे आम्ही पहाटे स्वेटर घालून निघायचो. तिथे २०१५पासून कुत्र्यांना रेबीजची लस देण्याच्या मोठ्या मोहिमा होतात. आम्ही परदेशी विद्यार्थी दोन आठवड्यांचे पाहुणे, वर्षभर राबणारी माणसं तिथलीच. शाळेच्या मैदानात रांग लागायची. दोरीने, चिंधीने, एकदा तर तारेने बांधून पोरं आपापली कुत्री घेऊन यायची. सुई टोचली की कुत्र्यावर रंगाचा पट्टा ओढायचा. नंतर गल्लीगल्लीतून फिरून पट्ट्याची किती आणि बिनपट्ट्याची किती ते मोजायचं. शंभरातली सत्तर पट्ट्याची दिसली नाहीत तर त्या गल्लीत पुन्हा जायचं. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर ज्यांना चावतं, त्यांतली चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. रांगेतही तीच उभी होती.

त्यातला एक दहाएक वर्षांचा मुलगा. त्याचा गालू, म्हणजे त्यांच्या भाषेत कुत्रा, दात विचकून उभा. आमच्याकडच्या तयार मुसक्यांतली एकही त्याला बसेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मुंबईची म्हणून असेल. मी काय केलं सांगू? आधी खाली बसले. तोंड फिरवून, डोळ्यात न बघता. "कुत्र्याला आधी वास घेऊ द्या, मग डिग्री दाखवा," हे तुमचंच वाक्य. मग पट्टी काढली, फास टाकला, मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई दिली, एक ओढ, मोकळा. पुरतं मिनिटही लागलं नसेल. पोरगा "झिकोमो" म्हणाला, म्हणजे धन्यवाद. ते मी तुमच्यासाठी ठेवून घेतलं.

आता जे तोंडावर सांगायला जमलं नाही ते. दुसऱ्या वर्षाला असताना मी शहाणपणा करून एका कुत्र्याची मान मागून पकडायला गेले. ते वळलं, आणि मधे तुमचा हात आला. तुम्ही ओरडला नाहीत. नळाखाली हात धरलात, साबण लावलात, आणि मला म्हणालात, "घड्याळ बघा, पंधरा मिनिटं झाली की सांगा." मी आठव्या मिनिटाला म्हटलं, झालं असेल. तुम्ही मान हलवलीत. तुमची आधीची लस पूर्ण होती म्हणून दोन सुयांवर भागलं, एक त्याच दिवशी आणि एक तीन दिवसांनी. दुसरी घ्यायला जाताना तुम्ही मलाच विचारलंत, घाबरली नाहीस ना?

तेव्हा मी माफी मागितली नाही. तुम्ही हसताय म्हणजे विषय संपला, असं सोयीने धरून चालले. काका, चूक माझी होती. आणि त्यानंतरही तुम्ही मला कुत्रं धरायला देत राहिलात, त्याबद्दल आभार.

सोमवारी येते. काकूंसाठी तिथलं रंगीत कापड आणलंय, त्याला चितेंजे म्हणतात, बायका कमरेला गुंडाळतात. आणि निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या ड्रॉवरमधून बँडेजची दोन भेंडोळी न विचारता उचलली होती. एक संपलं, एक परत आणतेय.

तुमची,
दुसऱ्या वर्षाची ती शहाणी