परतीच्या गाडीची वेळही छापा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतले भटकंतीचे लेख मी कापून ठेवते. जुन्नरवरचाही ठेवलाय. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, सगळं छान लिहिलंय. शेवटी मात्र ठरलेलं वाक्य : ‘स्वतःचे वाहन असल्यास सोयीचे.’

माझ्याकडे वाहन नाही. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, वय ६८. आम्ही चौघी मैत्रिणी एसटीनं हिंडतो. ज्येष्ठांना अर्धं तिकीट होतंच, मार्च २०२३पासून ते सगळ्याच बायकांना झालं, त्यामुळे आमच्यातली धाकटीही आता सबबी सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात वाईला गेलो. लेखात वाचलं होतं, ‘सातारा रस्त्याने जावे.’ साताऱ्याच्या गाडीत बसलो असतो तर महामार्गावर सुरूरच्या फाट्यावर उतरून वडाप शोधत बसलो असतो. स्वारगेटची महाबळेश्वर गाडी मात्र थेट वाईतूनच जाते. हे आम्हाला चौकशीच्या खिडकीनं नव्हे, रांगेतल्या एका आजोबांनी सांगितलं. वाईचा स्टँड गावातच आहे. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, कृष्णेचे घाट, सगळं पायी झालं. मेणवलीही जेमतेम तीन किलोमीटर, म्हणून तिथंही चालतच गेलो. नाना फडणवीसांचा वाडा बघितला आणि घाटावरच्या देवळापाशी ती पोर्तुगीज घंटा. १७३९च्या वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली, अंगावर १७०७ साल मिरवणारी. परत येताना एका शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून हळदीची लागवड समजावून सांगितली. मोटारीतून गेलो असतो तर तो आम्हाला कशाला भेटला असता?

सगळं असंच सुरळीत होतं असं नाही. दुसऱ्या एका तालुक्यात जुनं देऊळ बघायला दुपारच्या शेवटच्या गाडीत बसलो. तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाले, “मावशी, ही मुक्कामी गाडी आहे. सकाळीच परत फिरणार. तुमची तिथं राहायची सोय आहे का?” नव्हती. चूक आमचीच, पाटी वाचून चढलो, परतीचं विचारलंच नाही. त्यांनी पुढच्या फाट्यावर समोरून येणारी गाडी हात करून थांबवली आणि आम्हाला तिच्यात बसवून दिलं. देऊळ राहिलं ते राहिलंच.

खेड्यांकडच्या गाड्या शाळेच्या आणि बाजाराच्या वेळा धरून धावतात, आणि ते बरोबरच आहे. त्या मुलांसाठी आहेत, आमच्यासाठी नाहीत. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर जास्त वाहनं मिळतात. उलट, शाळेला सुट्टी म्हणजे त्या वेळची गाडीही कित्येक ठिकाणी बंद. आणि सुट्टी कधी? रविवारी. म्हणजे आपली पुरवणी वाचून लगेच निघणाऱ्याची पंचाईत ठरलेलीच!

म्हणून विनंती एवढीच, की प्रत्येक लेखाखाली दोन ओळी द्या. कुठल्या स्टँडवरून कुठली पाटी असलेली गाडी धरायची, कुठल्या फाट्यावर उतरायचं, तिथून किती चालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि ती रविवारी असते का. वेळा बदलतात हे मान्य, पण ‘निघण्यापूर्वी खात्री करावी’ असं खाली छापलंत तरी आमची तक्रार नाही. लेखकाला एकदा त्या गाडीनं पाठवलंत तर फारच उत्तम.

जुन्नरचं कात्रण अजून फ्रीजवर चिकटवलेलं आहे. शिवनेरी गावातूनच दिसतो, लेण्याद्रीचंही आम्ही जमवू. नाणेघाटाहून परत कसं यायचं, तेवढं कळवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे