टेपचं दुसरं टोक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्रेम आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. वारशानं जुनं घर मिळालेली नायिका, दुरुस्तीला आलेला अबोल सुतार, भिंतीआड सापडलेला पत्रांचा गठ्ठा हा साचा लेखकानं बरोबर सांगितला आहे. पण शेवटी ते म्हणतात की यातलं घर निव्वळ नेपथ्य असतं, त्याजागी जहाज किंवा हॉटेल ठेवलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. हे वाचून राहवलं नाही. गेली ३१ वर्षं मी जुन्या घरांच्या दुरुस्तीवर देखरेख करते आहे, आणि या कादंबऱ्या त्याच्याही आधीपासून वाचते आहे. घराचं नेपथ्य होतं ते लिहिणाऱ्यानं घर बघितलेलं नसतं तेव्हा. त्याचं खापर सबंध प्रकारावर फोडू नये.

या कादंबऱ्यांत गुपित हमखास हातोड्याच्या एका घावानं उघडं पडतं. प्रत्यक्षात ते मोजणीत सापडतं. काम सुरू करण्याआधी घराची मापं घ्यावी लागतात, बाहेरून आणि आतून. एका घराचा वरचा मजला आम्ही मोजत होतो. बाहेरून लांबी भरली १२२० सेंटिमीटर. आत एका ओळीत तीन खोल्या होत्या, ३४०, ३५५ आणि ३१०. चार भिंती, दारा-खिडक्यांच्या बगलेत मोजलेल्या, प्रत्येकी ३५. बेरीज झाली ११४५. पाऊण मीटर कुठे गेला?

टेपचं एक टोक माझ्याकडे होतं, दुसरं एका सहकाऱ्याकडे. मला वाटलं, त्यांनी आकडा चुकीचा वाचला. त्यांना वाटलं असणार, मी चुकीचा लिहिला. दोघांनीही तसं म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, “पुन्हा घेऊ.” आणि या वेळी त्यांनी वही घेतली, टेपचा आकडा मी वाचला. पुन्हा तेच, पंचाहत्तर कमी.

मग आम्ही बोटाच्या पेरानं भिंत ठोकत निघालो. मधल्या खोलीच्या एका कोपऱ्यात आवाज बदलला. तिथला गिलावा नीट पाहिला तर इतर भिंतींसारखा चुन्याचा नव्हता, सिमेंटचा होता. करडा, कडक, आणि कडेला जिथे तो चुन्याला भिडत होता तिथे केसाएवढी भेग. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला वाट देत नाही, म्हणून ती शेजारून निघायला बघते आणि त्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटतो. मालकीणबाई सांगत होत्या की या बाजूला बांधल्यापासून कोणी हात लावलेला नाही. भिंत वेगळंच सांगत होती.

एक वीट सोडवून बॅटरी आत धरली. आत जिना होता, जेमतेम एक माणूस चढेल एवढा. चार पायऱ्या, चारही मधोमध झिजलेल्या, आणि त्यांच्या वर फळ्या मारून बंद केलेलं. त्या फळ्यांना गोल, तारेचे खिळे होते. घरातले बाकीचे खिळे चौकोनी, लोहाराच्या हातचे. तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळीकडे पसरले, त्यामुळे घर आधीचं आणि जिना बंद केला तो बराच नंतर, एवढं कळलं. पायऱ्या इतक्या झिजेपर्यंत रोज कोण चढत होतं आणि पुढे तो का बुजवला, हे कळलं नाही. आत पत्रं नव्हती, दागिने नव्हते. आम्ही दोघं बराच वेळ त्या पायऱ्यांकडे बघत राहिलो. पुढे त्या सहकाऱ्यांशी माझं लग्न झालं.

म्हणून मला म्हणायचं आहे की या कादंबऱ्यांत दुरुस्तीचं काम हाच तपास असायला हवा. घर जहाजासारखं बदलता येत नाही, कारण साक्षीपुरावा त्याच्या अंगावर असतो. समजा, ज्या पेटीला कोणी शंभर वर्षं हात लावला नाही असं सगळे सांगतात, तिच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचा स्क्रू निघाला. त्या स्क्रूचं पेटंट १९३६ सालचं. घरातलं कोणीतरी खोटं बोलतंय, हे नायिकेला त्या क्षणी कळतं, आणि ते तिला शेजारी उभा असलेला सुतार सांगतो. बंदूक नको, वादळी रात्र नको. किंवा भिंतीवरचा हिरवा कागद घ्या. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १७७५ च्या सुमारास तयार केलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक हे विष होतं आणि तो एकोणिसाव्या शतकात भिंतीच्या कागदांवर सर्रास छापला जायचा. असा कागद ओला राहून त्यावर बुरशी आली की आर्सेनिक असलेला वायू सुटतो, हे १८९० च्या दशकात गोसियो या इटालियन शास्त्रज्ञानं दाखवलं. एका खोलीत झोपणारं माणूस सारखं आजारी पडत होतं, या जुन्या गोष्टीचा उलगडा कागदाच्या सहाव्या थराखाली होऊ शकतो. एवढं सगळं हाताशी असताना पुन्हा पुन्हा पत्रांचा गठ्ठाच का?

कागदच सापडायचे असतील तर जेन ऑस्टिनकडे बघावं. ‘नॉर्थँगर ॲबी’ ही तिची कादंबरी १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. तिच्यातली कॅथरीन रात्री कपाट उघडते, कागदांची गुंडाळी हाती लागते, मेणबत्ती विझते, रात्रभर तिला झोप नाही, आणि सकाळी बघते तर ती कपडे धुण्याची बिलं. ऑस्टिननं त्या काळच्या भयकथांची गंमत केली हे खरं. मला मात्र ती बिलं वाचावीशी वाटतात. जुन्या घरांत आम्हाला सापडतात ते कागद असेच असतात, हिशेबाचे आणि याद्यांचे. धुण्याच्या यादीत अमुक महिन्यापासून बायकांचे कपडे दिसेनासे झाले, तर माझ्या मते तिथून कादंबरी सुरू होते.

प्रेमाबद्दल थोडं. या कादंबऱ्यांत गिलावा सोमवारी होतो आणि बुधवारी रंग लागतो. चुन्याचा गिलावा असा घाईत वाळवता येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो आठवडेच्या आठवडे घट्ट होत राहतो. दरम्यान त्यावर उन्हाचा झोत येऊ द्यायचा नाही, गोणपाट ओलं ठेवायचं, सकाळी जाऊन हात लावून बघायचं. दोन माणसांना एकमेकांची ओळख व्हायला याहून चांगला काळ कुठला? लेखक तो वगळतात आणि त्याजागी पावसात अडकलेली एक रात्र घालतात. कामावर माणसाची पारख बारीकसारीक गोष्टींतून होते. शिडी धरणारा इकडेतिकडे बघतो का, काढलेले खिळे फेकतो की डबीत ठेवतो, चूक झाली तर आधी कोण सांगतं. जी नायिका हे बघते तिच्या प्रेमावर माझा विश्वास बसतो.

आणि एक कळकळीची विनंती, कारण वाचणारे तसं करून बघतात. नायिकेला रात्री एकटीनं भिंत फोडायला लावू नका. छताचं वजन कुठली भिंत पेलते हे बघून, टेकू देऊन मगच वीट काढतात. जुना रंग कोरडा घासायलाही लावू नका, त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते, मुलं असलेल्या घरात तर फारच वाईट. मास्क लावलेली, जमीन ओल्या फडक्यानं पुसणारी नायिका कमी मोहक वाटते, असं मला एका लिहिणाऱ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. मला तसं अजिबात वाटत नाही.

आपल्या पुरवणीत या कादंबऱ्यांना जागा मिळावी, आणि परीक्षण करणाऱ्यांनी त्यातलं घर खरं आहे का हेही तपासावं. प्रेम पटलं, खुनी ओळखता आला नाही, एवढ्यावर थांबू नये. जिना कुठे जातो, भिंत कशाची आहे, ओल कुठून येते हे लेखकाला ठाऊक आहे का, ते वाचकांना सांगावं. जे कोणी असं काही लिहायला घेत असतील त्यांनी आधी चार दिवस एखाद्या कामावर जाऊन टेपचं दुसरं टोक धरावं. गवंडी आणि सुतार विचारलं तर भरभरून सांगतात, त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

त्या घराच्या मापांची वही अजून माझ्याकडे आहे. १२२० हा आकडा तिच्यात दोनदा लिहिलेला आहे, एकदा माझ्या अक्षरात आणि खाली यजमानांच्या.

आपली,
एक नियमित वाचक