कापडामागची नावेही छापावीत

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका टेक्स्टाइल डिझायनरच्या कामावरील लेख वाचला. फॅशन, कला आणि संशोधन या तिन्ही क्षेत्रांतील मंडळींना बरोबर घेऊन ती काम करते याचे त्यात कौतुक होते, आणि ते योग्यच होते. मात्र ‘बरोबर घेऊन’ म्हणजे नेमके कोणाला, हे वाचकाला अर्धेच कळले. फॅशन डिझायनरचे नाव होते, कलादालनाचेही होते. कापड ज्या मागावर उतरले त्या मागाशी उभे राहिलेल्या माणसाचे नव्हते. गेली बावीस वर्षे मी कोल्हापुरात राहून, बहुतांशी इचलकरंजीच्या मागांवर हेच काम करीत आले आहे, म्हणून हे पत्र.

कापडाची रचना कागदावर पूर्ण होते आणि मागावर फक्त तिची अंमलबजावणी होते, असा सर्वसाधारण समज आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका फॅशन कंपनीसाठी मी एक पट्टा सपाट आणि एक फुगीर असे सुती कापड करीत होते. त्यासाठी मागाला दोन भीम, म्हणजे उभे सूत गुंडाळलेले रूळ, लावावे लागतात. एकाचा ताण घट्ट, दुसऱ्याचा सैल, म्हणजे सैल सुताच्या पट्ट्याला सुरकुती धरते. माझे गणित चोख होते, पण प्रत्यक्षात सूत इतके ढिले पडले की आडवा धागा नेणारा धोटा त्यातच अडकू लागला आणि तारा तटातट तुटू लागल्या. आमच्या जॉबरने, म्हणजे माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, माझा कागद घडी घालून खिडकीत ठेवला, एका बंद मागाचा जुना गिअर आणून दुसऱ्या भीमाच्या वजनाला अडकवला, आणि उभ्या तारांवर तळहाताने थाप मारून अंदाज घेत तो दोन बोटे आत, एक बोट बाहेर असा सरकवत राहिला. दुपारी चारच्या सुमारास हवा तसा फुगारा उतरला. तो गिअर मी नंतर काट्यावर तोलला आणि वजन वहीत लिहून घेतले; तीच नोंद पुढे ‘माझी रचना’ झाली. कपडे मुंबईत मंचावर आले तेव्हा पत्रकात कंपनीचे नाव ठळक, माझे बारीक, आणि मी लेखी विनंती करूनही जॉबरचे नाव कोठेच नव्हते; वाचणाऱ्याला त्यात काय रस, असे मला कळवण्यात आले. जॉबरला मोबाइलवर फोटो दाखवला, तेव्हा त्याने एवढेच विचारले, “काठ का कापून टाकला वो ह्यांनी?”

जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या चपला मूळ गावाच्या उल्लेखाशिवाय दिसल्या, तेव्हा आपण सारे संतापलो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने त्या संतापाला आधारही होता. कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले आणि जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी येथील कारागिरांना भेटून गेले. परंतु हाच न्याय आपण जिल्ह्यातल्या कापडाला लावतो का? इचलकरंजीत यंत्रमाग आले त्याला शतक उलटून गेले, आणि आजही तेथील बरेचसे कापड ग्रे, म्हणजे रंगाई-धुलाई न झालेले कोरे, म्हणून बिननावाचे बाहेर पडते. मजुरी पिकावर ठरते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती पडले यावर. मागाशी उभे राहून चालवलेल्या डोक्याचे पीक कोणी मोजत नाही.

जपानमध्ये किर्यू नावाचे विणकरांचे गाव आहे. तेथील विणकर घराण्यातले जुनिची अराई हे इस्से मियाके आणि रेई कावाकुबो या फॅशन डिझायनरांसाठी कापड घडवीत. पीळ जास्त दिलेले सूत पाण्यात पडल्यावर कसे आकसते, धातूचा वर्ख असलेले सूत रसायनाला कसे उत्तर देते, हे त्यांचे संशोधन प्रबंधापेक्षा मागावर आणि हौदात जास्त झाले. 1984 मध्ये त्यांनी रेइको सुदो यांच्यासह ‘नुनो’ ही कंपनी काढली. जपानी भाषेत नुनो म्हणजे कापड. सुदो यांनी पुढे मोटारींच्या भागांना धातूचा मुलामा चढवण्याचे तंत्र कापडावर वापरले आणि तशी कापडे संग्रहालयांपर्यंत पोहोचली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मोटारींचे भाग आपल्यालाही परके नाहीत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून ते रोज बाहेर पडतात. इचलकरंजीचे माग तेथून तासाभराच्या अंतरावर आहेत, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळा विद्यापीठात आहेत, चित्रकार तर गल्लोगल्ली आहेत. पण यांतले चौघे एका टेबलाशी बसलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. (बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. तो पडदा कोणत्या सुताचा होता, त्याला ताठ करणारी खळ कसली दिली होती, हे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात.)

राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये ज्या मिलची पायाभरणी केली, ती शाहू मिल आज बंद आहे आणि तेथे काय व्हावे यावर वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. महाराजांचे स्मारक जरूर व्हावे. त्यातली एकच शेड मात्र चालू मागांसाठी राखावी: साध्या नक्षीसाठी दोन डॉबीचे माग, गुंतागुंतीच्या नक्षीसाठी एक जेकार्ड, एक खड्ड्यातला हातमाग आणि रंगाईचा एक हौद. घोंगड्याला चिंचोक्याची खळ किती दाट लावायची हे बोटाने ओळखणारे सनगर विणकर, इचलकरंजीचे जॉबर आणि मागात उभ्या तारा ओवणारे वहिफणी कामगार, कलाशाळेतली मुले आणि विद्यापीठातले संशोधक यांना तेथे वर्षातून काही आठवडे एकत्र काम करता यावे, आणि जॉबरला व सनगराला त्या दिवसांचे मानधन संशोधकाइतकेच मिळावे. या शेवटच्या अटीवर मी अडून बसेन, कारण आजवरच्या कार्यशाळांत कारागिराला शाल आणि नारळ, तर तज्ज्ञाला धनादेश, असेच पाहत आले आहे.

ते होईल तेव्हा होवो. तोपर्यंत आपल्या पुरवणीत वेशभूषेचे छायाचित्र छापताना छायाचित्रकार आणि डिझायनर यांच्या नावांखाली कापड कोठे आणि कोणी विणले, तेही छापावे. त्यासाठी फार तर एक ओळ जागा लागेल. माहिती मिळत नसेल तर कंपनीला विचारावी, आणि कंपनीने दिली नाही तर त्या ओळीत ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपली,
एक वस्त्ररचनाकार,
राजारामपुरी, कोल्हापूर