टर्बो किट : खोक्यात काय नाही, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत मोटारीला बाहेरून बसवायच्या टर्बोचार्जर किटविषयी जो मजकूर आला, त्यात अश्वशक्ती किती वाढेल याचे आकडे ठळकपणे दिले होते. मात्र ती वाढ पेलण्यासाठी किटमध्ये पेट्रोलची आणि ट्यूनिंगची (पेट्रोल व ठिणगीची वेळ नव्याने जुळवण्याची) काय तजवीज आहे, याचा उल्लेख कुठेच आढळला नाही. कारखान्यातून टर्बो न आलेल्या गाडीला असे किट बसवू पाहणाऱ्यांना सर्वांत आधी हीच माहिती हवी, म्हणून हे पत्र.

टर्बो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या (धुराच्या) जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढवावे लागते आणि ठिणगी केव्हा पडावी हेही नव्याने ठरवावे लागते. एरवी पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; बूस्टवर (टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबावर) पूर्ण जोर असताना हेच प्रमाण १२ च्या आसपास ठेवतात, कारण जादा पेट्रोलमुळे ज्वलनाची उष्णता आटोक्यात राहते. मूळ इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) आणि मूळ पंप एवढे पेट्रोल पुरवू शकले नाहीत, तर ज्या क्षणी इंजिनावर सर्वाधिक ताण असतो नेमक्या त्याच क्षणी पेट्रोल कमी पडते आणि इंजिन नॉक करू लागते, म्हणजे आत मिश्रणाचा काही भाग अवेळी भडकून हादरे बसू लागतात.

हे मी स्वतःच्या गाडीवर अनुभवले आहे. मी घेतलेल्या किटमध्ये टर्बो, मॅनिफोल्ड (एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारा भाग), पाइप आणि इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) होते. इंजेक्टर मूळचेच चालतील असे विक्रेत्याने सांगितले आणि अधिक चौकशी न करता मी ते मान्य केले. काही महिन्यांतच चढावर गाडीचा जोर कमी पडू लागला आणि मागून निळा धूर येऊ लागला. स्पार्क प्लग काढले, तेव्हा एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणांएवढे चकचकीत राखाडी ठिपके दिसले. ते पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम होते. इंजिन खोलल्यावर त्याच पिस्टनच्या दोन रिंगांमधला काठ तुकडा होऊन हातात आला.

टर्बो नसलेल्या आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) मुळातच दहा-अकराच्या घरात असते, त्यामुळे त्यांना थोडा बूस्टही जड जातो. ओल्ड्समोबाइलने १९६२ साली जेटफायर ही टर्बोची मोटार बाजारात आणली, तेव्हा १०.२५ कॉम्प्रेशनच्या त्या इंजिनाला नॉकिंगपासून वाचवण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारावे लागत असे, आणि त्याची टाकी रिकामी झाली की बूस्टही रोखला जाई. खुद्द कारखान्याला जिथे एवढी काळजी घ्यावी लागली, तिथे इंटरकूलर किंवा ट्यूनिंग ‘नंतर पाहू’ म्हणून किट बसवणे धोक्याचे आहे. ३० अंश सेल्सिअसची हवा अर्ध्या बारच्या बूस्टने दाबली, तर साधारण चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातूनही) ती ८० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते, आणि हवा तापली की नॉकिंगचा धोका वाढतोच.

टर्बोचा आकार हा दुसरा मुद्दा. मोठा टर्बो म्हणजे चांगला टर्बो, ही समजूत फार पसरली आहे. रोजच्या वापरातले इंजिन बहुतेक वेळ मधल्या आरपीएमवर चालते. तिथे मोठा टर्बो वेग घेईपर्यंत पिकअपची वाट पाहावी लागते, तर अगदी लहान टर्बो वरच्या आरपीएमला एक्झॉस्ट अडवून धरतो. म्हणून इंजिनाची क्षमता, आरपीएम आणि अपेक्षित बूस्ट यांवरून हवेचा हिशेब मांडून तो त्या टर्बोच्या कॉम्प्रेसर मॅपवर (किती हवा किती दाबाने तो नीट देऊ शकतो हे दाखवणाऱ्या आलेखावर) ताडून पाहावा. जो विक्रेता हा मॅप दाखवू शकत नाही, त्याच्याकडून किट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑइलच्या परतीच्या नळीकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगमधले ऑइल केवळ उतारानेच संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) परत जाते. ही नळी बारीक असली किंवा कुठे वर वळली, तर ऑइल तुंबून सीलमधून गळू लागते आणि चांगल्या टर्बोलाही नाहक दोष येतो. याखेरीज क्लच तेवढी ताकद पेलेल का आणि असा बदल नियमांत बसतो का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे.

आपल्या पुरवणीचा शब्द प्रमाण मानून खरेदी करणारे वाचक पुष्कळ आहेत. यापुढे कोणत्याही किटची माहिती देताना त्यासोबत इंजेक्टर, पंप आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग मिळते की नाही, आणि दिलेली अश्वशक्ती किती बूस्टवर व कोणत्या ऑक्टेनच्या (नॉक रोखण्याच्या क्षमतेच्या) पेट्रोलवर मोजलेली आहे, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक