छेत्रीने जागा अडवली, ती कोणाची?

महोदय,

‘कधी थांबायचं ते फुटबॉलपटू सुनील छेत्रीला कळायला हवं होतं’ अशा आशयाचं पत्र या सदरात वाचलं. चाळिशीत निवृत्ती मागे घेतली, तरी २०२७च्या फुटबॉल आशिया चषकाचं भारताचं तिकीट हुकलंच. वर तरुणांची जागा अडवली, असं पत्रलेखकाचं म्हणणं. कोणत्या तरुणाची, तेही लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

६ जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना गोलशून्य सुटला आणि छेत्रीने भारताची जर्सी उतरवली. पुढच्याच आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगामात बेंगळुरू क्लबकडून त्याने १४ गोल मारले. दुसऱ्या कुठल्याही भारतीयाला तेवढे जमले नाहीत. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावलं ते हारतुरे घालायला नव्हे. मार्च २०२५मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने हेडर मारून गोल केलाच, देशासाठी ९५वा. पहिला २००५मध्ये, पाकिस्तानात क्वेट्ट्याला. मधल्या वीस वर्षांत जेजे लालपेखलुआ या स्ट्रायकरकडून आशा होती, पण त्याला गुडघ्याने दगा दिला.

खरी गोम क्लबांत आहे. आयएसएल २०१४ला सुरू झाली. पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळाला नाही. गोलसमोरच्या मधल्या जागेवर परदेशी स्ट्रायकर, आपला पोरगा कडेला, विंगेला. मग देशाकडून खेळताना त्यानेच एकदम गोल मारावेत, ही अपेक्षा.

अर्थात बोट दाखवणारा मी कोण! नाशिकरोडच्या शाळेत बरीच वर्षं पीटी शिकवली. उंच, दणकट मुलगा दिसला की त्याला बॅकला नाहीतर गोलमध्ये उभा करायचो. हरायचं नाही, एवढंच डोक्यात. त्यातल्या कितींना आघाडीला खेळायचं होतं, कधी विचारलं नाही.

आणि राग मानू नका, पण थोडं आपल्या पानाविषयीही. मागे शालेय जिल्हा स्पर्धेच्या फायनलची बातमी आली होती. सहा ओळी. त्यात बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची पाच नावं होती, गोल मारणाऱ्याचं एकही नाही. शेजारी युरोपातल्या कुणीतरी क्लब बदलला, त्याला तीन कॉलम आणि फोटो. यंदा स्पर्धेची बातमी देताना गोल मारणाऱ्या मुलांची नावं शाळेसकट छापाल का? जागा कमी पडली तर दोन पाहुणे गाळा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड