पणजोबांचा कागद दफ्तरात आहे, त्याची यादी तेवढी करा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोल्हापूर संस्थानातील व आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या सैनिकांच्या नोंदींची गाववार नामसूची करण्याबाबत.

महोदय,
सप्रेम जय हिंद.

लष्कराचा विषय सांस्कृतिक कार्य खात्याकडे कसा, असे आपल्याला वाटेल. सैन्य केंद्राचे, सैनिक कल्याण विभाग वेगळा, हे मला ठाऊक आहे. पण कोल्हापूर संस्थानचे जुने दफ्तर ज्या पुराभिलेखागारात आहे ते आपल्या अखत्यारीत येते, आणि या कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. म्हणून पत्र आपल्याला.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो. बंदूकही चालवली, पण नोकरीचा बराचसा काळ शीट रोल, किंड्रेड रोल आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या आणि कुटुंबाच्या नोंदी, लिहिण्यात गेला. पेन्शनीवर गावी आल्यापासून लोक कागद घेऊन दारात येतात. बहुतेकांचे काम चालू पेन्शनचे असते. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नाव चुकले, बायकोची जन्मतारीख जुळत नाही, असले. ते निस्तरता येते. अडते ते दुसऱ्या प्रकारच्या माणसांपाशी. त्यांच्या हातात एखादे काळवंडलेले पदक असते, नाहीतर काहीच नसते, आणि प्रश्न एवढाच असतो : "आमचा पणजा बसऱ्याला गेला होता म्हणतात. त्याचं काही सापडंल काय?"

बसरा म्हणजे पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची, आजच्या इराकमधली, आघाडी. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर तिथे होत्या. कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. कैदेतल्या वाटचालीत किती माणसे गेली याची कल्पना इतिहास वाचणाऱ्याला आहे. घरात मात्र "गेला तो आलाच नाही" एवढेच उरले आहे.

पदक असेल तर निम्मे काम होते. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या काठावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक राजाचा मुखवटा बघतात, काठ कुणी बघत नाही. भिंग लावून वाचून दाखवले की माणसे चकित होतात. पण चांदी ती चांदी. दुष्काळात, लग्नकार्यात किती पदके मोडीत गेली असतील आणि हुपरीच्या मुशीत त्यांची किती पैंजणे झाली असतील, देव जाणे. भिश्ती, मोची, खेचरवाले असे जे फॉलोअर म्हणून गेले त्यांतल्या बऱ्याच जणांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. त्याला मोडही येत नव्हती, म्हणून काही घरांत तेच टिकले आहे.

पदक नसेल तर घरच्या बोलण्यावरून माग काढावा लागतो. म्हातारी सांगते, "ते काली पाचवीत होते." नातू पाचव्या पलटणीचे कागद धुंडाळत बसतो. काली पाचवी म्हणजे आजची दुसरी मराठा. पहिल्या महायुद्धात तिचा नंबर होता १०५. १९२२ साली सगळ्या पलटणींचे नंबर बदलले : १०३ ची, म्हणजे जंगी पलटणीची, पहिली झाली, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. हे कोष्टक फौजेतल्या जुन्या माणसाला तोंडपाठ असते, बाहेर कुणाला कसे असणार? एका पानाचा कागद पुराभिलेखागाराच्या दारावर लावला तरी शेकडो लोकांची पायपीट वाचेल.

पलटण कळली की गाव. इथे तर मोठीच गंमत आहे. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्यामुळे चंदगडच्या जवानाचा जिल्हा कागदात बेळगाव असतो आणि शोधणारा कोल्हापूर बघत बसतो. आज ज्याला आपण हातकणंगले तालुका म्हणतो तो संस्थानी काळात आळते पेटा, म्हणजे तालुक्यासारखाच महसुली भाग. आजरा इचलकरंजी जहागिरीत. कागल, कापशी, विशाळगड, बावडा या जहागिरींची आपापली दफ्तरे. माणूस एकाच जागी राहिला, पण त्याचा पत्ता कागदोपत्री चार वेळा बदलला.

नावाचेही तसेच. त्या काळच्या भरतीच्या कागदात आडनाव असेलच असे नाही. कधी "रामा वल्द धोंडी", म्हणजे धोंडीचा मुलगा रामा, कधी नुसते "रामा" आणि पुढे मौजे. इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे उतरवले. एका गावात चार रामा, दोघांचे बाप धोंडी. म्हणून नुसते कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढवून भागत नाही, हे मला आपल्याला कळकळीने सांगायचे आहे. स्कॅन केलेली दहा हजार पाने आणि बासनात बांधलेली दहा हजार पाने, शोधणाऱ्याला दोन्ही सारखीच. हवी आहे ती नामसूची : नाव, बापाचे नाव, गाव, तेव्हाचा पेटा आणि आजचा तालुका, पलटण, नंबर, आणि कागद कुठल्या रुमालात, म्हणजे दफ्तराच्या गाठोड्यात, आहे ते. देवनागरीत. एवढे झाले तर गडहिंग्लजच्या पोराला कुणाच्या हातापाया न पडता मोबाइलवर पणजा सापडेल.

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, असा सल्ला सगळे देतात. मी त्याच बाजूने आलेला माणूस आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सैनिकाची कागदपत्रे कायम ठेवली जात नाहीत. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानाची सेवापत्रे ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नियमाप्रमाणे नष्ट होतात. मागे राहतो तो लाँग रोल, म्हणजे रजिस्टरातली एक ओळ. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन १९४६ साली सुटलेल्या माणसाची एवढीच खूण उरलेली असते. त्यात रेकॉर्ड ऑफिसचा दोष नाही, त्यांचे काम हयात सैनिकांचे आणि पेन्शनरांचे आहे. पण ती एक ओळही आपल्या सूचीत आली पाहिजे. त्यासाठी राज्य सरकारने संरक्षण मंत्रालयाशी बोलायला हवे. १९४९ पूर्वीच्या नोंदीत गुप्त असे काही उरलेले नाही. युद्धाचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने स्वतःच २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

पण केंद्राकडे जायच्या आधी आपल्या घरचे बघू. कोल्हापूर संस्थानची स्वतःची फौज होती. अखेरीस तिचे नाव राजाराम रायफल्स. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत १९ वी मराठा (कोल्हापूर) म्हणून गेली. त्याच्या मागे गेले तर शिलेदार आणि बारगीर, म्हणजे स्वतःच्या आणि सरकारी घोड्यावरचे स्वार, गडांवरचे गडकरी, आणि जमिनीच्या सनदेवर चाकरी करणारे शेतसनदी. गडकऱ्यांचे तर वतनच किल्ल्याला बांधलेले. १८४४ साली सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी उठाव केला, तो मोडल्यावर त्यांची ती पिढीजात व्यवस्थाही मोडली. आज आमच्या भागात गडकरी आणि सनदी आडनावाची घरे आहेत. त्यांतल्या कितीतरी पोरांना आडनाव कुठून आले याचा पत्ता नाही. संस्थानी कारभारात चाकरी म्हटली की कागद आलाच : हजेरीपट, पगाराच्या याद्या, सनदा, इनामाच्या चौकशा. त्या बहुतेक मोडी लिपीत.

आणि मोडीपाशी सगळे अडते. मोडी वाचणारी माणसे आहेत, पण सफाईने, चुकीचे अंदाज न करता वाचणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतले बरेच सत्तरीच्या पुढे गेलेले. आपल्याच पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, प्रमाणपत्रे मिळतात. वर्ग झाल्यावर त्या मुलांना वाचायला काम मिळत नाही, मग वर्षभरात हात जातो. त्यांना हे काम द्या. पानामागे मोबदला ठरवा.

हे जमणार नाही असे कुणी अधिकारी म्हणाले तर त्यांना २०२३ साल आठवून द्यावे. कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, मोडी वाचक मिळाले, तहसीलची आणि शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर आली, जिल्ह्याजिल्ह्याच्या संकेतस्थळांवर कागद चढले. सरकारने मनावर घेतले की शंभर वर्षांचे दफ्तर उघडते, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या आरक्षणाच्या वादात मला इथे पडायचे नाही. एवढेच म्हणतो की माणसाची जात शोधायला जी यंत्रणा उभी राहिली, तीच त्याची चाकरी शोधायलाही चालेल. माणसे तयार आहेत, स्कॅनर घेतलेले आहेत.

एक काळजी मात्र घ्यावी. ही सूची मराठा पलटणींपुरती ठेवू नये. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात नव्याने उभारली गेली. मधल्या वीस वर्षांच्या खंडामुळे त्या पहिल्या पलटणीतल्या माणसांची विचारपूस कुणाकडे करायची, हा प्रश्न त्यांच्या पणतवंडांना पडतो. दख्खनी मुसलमान मराठा पलटणींतच होते. त्यांचे वारस शिरोळ, हातकणंगल्यात आहेत, पण मराठा पलटण म्हटल्यावर ते विचारायलाही येत नाहीत. आणि फॉलोअर तर कुठल्याच यादीत नसतात.

बाहेर काय झाले तेही बघावे. पहिले महायुद्ध संपल्यावर पंजाबात गाववार रजिस्टरे केली होती, कोणत्या गावातून कोण गेला याची. ती लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होती. ब्रिटनमधल्या एका पंजाबी वारसा संस्थेने आणि ग्रीनिच विद्यापीठाने ती बाहेर काढली, सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी त्यात आहेत, आणि २०२१ मध्ये पहिल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या झाल्या. लंडनमधला टॅक्सीवाला आपला खापरपणजा शोधतो आहे. आपल्याकडे अशी तयार रजिस्टरे नसतील, तर ती आता करावी लागतील.

युद्धस्मारकांनीही आपली माणसे नावाने लिहिली नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची स्मृती आहे, पण साध्या हिंदी शिपायांची तिथे नावे कोरली नव्हती, पलटणीपुढे फक्त आकडा होता. नावे वेगळ्या पुस्तकात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या वागणुकीबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. आमच्या गावांतले संगमरवरी फलक बघा, तेही तसेच : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. आकडे कोरले, माणूस एकही नाही. कमिशनच्या यादीत कोल्हापूरकडची नावे आहेत, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. ती आणि हे फलक एकमेकांशी जोडायला परदेशात जावे लागत नाही. ग्रामपंचायतींकडून फलकांचे फोटो मागवा, काही फलक शाळेच्या आवारात, काही चावडीच्या रंगाखाली दबलेले सापडतील.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित तिथे कॅम्पात राहिले. त्यांची मुले, नातवंडे अजून कोल्हापुरात येतात, महावीर उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी उभी राहतात. आई कुठल्या बराकीत होती हे त्यांना माहीत असते, कारण त्यांच्या लोकांनी याद्या जपल्या. त्याच काळात वळिवड्याच्या आसपासच्या खेड्यांतून जे पोरगे इटलीला, ब्रह्मदेशाला गेले, त्यांच्या घरच्यांना तेवढेही सांगता येत नाही.

खर्च फार नाही. एकदम अख्खा जिल्हा घेऊ नये, घेतला की तो फायलीतच राहतो. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीपासून सुरुवात करा. घरटी सैनिक देणारे गाव म्हणून ते ओळखले जाते, त्यामुळे कागदातले नाव आणि घरातली आठवण ताडून बघायला माणसे गावातच मिळतील. तिथे सूचीचा नमुना नीट बसला की गडहिंग्लज, आजरा, चंदगड, मग बाकीचे. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला सोबत घ्या, जहागीरदार घराण्यांना त्यांची दफ्तरे किमान स्कॅन करू द्यावीत अशी विनंती सरकारच्या वतीने जाऊ द्या. खासगी माणसाने मागितले की ती मिळत नाहीत, मंत्र्यांचे पत्र गेले की मिळतात. यातून कुणाला जमीन, सवलत किंवा प्रमाणपत्र मिळणार नाही हेही सुरुवातीलाच छापून टाका. नाहीतर खोटी नावे घुसवायला लोक कमी करत नाहीत.

आमच्या तालुक्यात निवृत्त फौजी क्लार्क बरेच आहेत. पलटणींचे नंबर, हुद्द्यांची लघुरूपे, जुन्या कागदातली सही कुणाची आणि शिक्का कशाचा, हे आम्हाला कळते. मोडी आम्हाला येत नाही, पण मोडी वाचणाऱ्याच्या शेजारी बसून "ही नायकाची खूण, हा डिस्चार्जचा शेरा" एवढे सांगता येते. मानधन नको. एक टेबल, चार खुर्च्या, आणि आठवड्यातले दोन दिवस दफ्तरात बसण्याची लेखी परवानगी द्या. तोंडी परवानगीवर आम्ही येत नाही, ती खुर्चीवरचा माणूस बदलला की संपते.

आपला विश्वासू,
एक माजी सैनिक
तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर